सरसाखालचा सूर

थोरल्या आत्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच जाहीर करून टाकलं, की एफ शार्प हा सूर या घरात येणार नाही म्हणजे नाही.

"ताई, तो काय पाहुणा आहे?" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "येणार असेल तर आधी सांग, म्हणजे मी दवाखान्यातच जेवेन."

"तू गप्प बस. तुला दातांतलं कळतं, तेवढंच बघ."

खरं सांगायचं तर कालपर्यंत या घराचं एफ शार्पशी काही वाकडं नव्हतं. तो आहे हेच घराला ठाऊक नव्हतं. चेलो शिकणाऱ्याला मधल्या वर्गातून वरच्या वर्गात जायचं, तर संगीतशाळेत तो जुना चार भागांचा सोनाटा वाजवून दाखवावा लागतो. एक भाग संथ, एक जलद, पुन्हा एक संथ आणि शेवटी एक असा, की वाजवणाऱ्याला वाटावं मागे कुत्रं लागलंय. अप्पांनी तो वाजवला, आत्याने वाजवला. बाबांनीही वाजवला आणि पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चेलो पेटीत घालून ते दातांकडे वळले. आज दुपारी अप्पांच्या नातीची, भिंगरीची पाळी होती.

काल ती तालमीला शाळेत गेली, दाराबाहेर उभी राहून इतर मुलांचा तिसरा भाग ऐकला आणि घरी येऊन म्हणाली, "तिथं सगळे एकाच जागी चुकतात."

"सगळे?" आईने विचारलं.

"सगळे. आणि अगदी सारखेच चुकतात."

आईचं चष्म्याचं दुकान आहे. मला सगळं नीट दिसतं, पाटीच पुसट लिहिलीय, असं ठणकावून सांगणारी माणसं तिच्यासमोर रोज बसतात. ती सोनाट्याचं पान घेऊन खिडकीशी गेली आणि पर्समधून भिंग काढलं. तिसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, एका सुराच्या डाव्या अंगाला, मसुराएवढा पिवळट थेंब वाळून बसला होता.

"अप्पा, हे काय आहे?"

अप्पांनी डोळे बारीक केले. "ते? ते सरस आहे."

"त्यात सरस काय? चांगला ढळढळीत डाग आहे."

"अगं, सरस म्हणजे सरस! लाकूड चिकटवायचा. माझ्याच ब्रशाचा असणार. तेव्हा एका हाताने वाद्यं जोडायचो आणि दुसऱ्या हाताने हे पाठ करायचो."

आईने नखाने थेंब हलकेच खरवडला. त्याखालून शार्पची, म्हणजे सूर अर्धी पायरी चढवायची खूण निघाली, अगदी ताजी, जशी काही आत्ताच झोपून उठली.

म्हणजे हे असं झालं होतं. अप्पांनी तरुणपणी खूण न दिसल्यामुळे साधा एफ वाजवला. त्याच्याखाली सोबतीच्या ओळीत बी होता, आणि ते दोघे मिळून दारात बोट सापडल्यासारखे ओरडले. अप्पांनी विचार केला, रचनाकार बिचारा तीनशे वर्षांपूर्वीचा, लिहिता लिहिता त्याला डुलकी लागली असेल. त्यांनी खालचा बी अर्ध्या पायरीने वर ओढून सी केला. मग ती जागा अशी काही लटकत, हुरहुर लावत राहू लागली, की घरातले सगळे तिच्या प्रेमात पडले. आत्याने ती आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली. कुणी ती जागा तशी वाजवली, की शाळेत म्हणायचे, हा त्या बाईंचा विद्यार्थी. आत्या समजत होती, हे लोक आपल्या शैलीबद्दल बोलताहेत.

"मी साधाच एफ वाजवून पास झालो," बाबा आता म्हणाले. "त्यामुळे माझं मत ताईला."

"तुझा परीक्षक कोण होता, आठवतंय ना?" आई म्हणाली. "तेच ना, जे दारावरची घंटा ऐकू येत नाही म्हणून दार उघडं ठेवून बसायचे?"

"असतील. पण त्यांनी मला पास केलं."

"वन्सं," आई आत्याकडे वळली. एरवी ती तिला ताई म्हणते. वन्सं म्हटलं, की घरातली हुशार माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात. "छापलंय ते वाजवू द्या पोरीला. तुमच्या शैलीपायी तिचं वर्ष वाया जायला नको."

आत्या चिडलेली दिसत होती, पण खरं म्हणजे भयंकर लाजली होती. आत्तापर्यंतचे सगळे विद्यार्थी तिच्या डोळ्यांसमोरून रांगेने चालले होते, प्रत्येकाच्या पाठीवर एकेक साधा एफ लावलेला. त्यातला एक तर आता स्वतः शिकवतो, म्हणजे कुठवर पोचलं असेल हे, देव जाणे. तिला एकदम वाटलं, निदान आजपासून तरी हे थांबवावं.

"बरं," ती म्हणाली. "शार्प तर शार्प. भिंगरीचं काय, तिला मधल्या बोटाऐवजी अनामिका टेकवायची, दहा वेळा केलं की जमेल. पण मग सोबतीला, खालच्या ओळीवर, मी बसते."

बाबांनी पेपर खाली ठेवला.

या घरात सोनाट्याच्या वेळी वरची ओळ शिकणाऱ्याची आणि खालची अप्पांची, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच होतं. आत्याच्या परीक्षेला अप्पा खाली बसले होते, बाबांच्याही. आणि भिंगरी आज पास झाली, की वरच्या वर्गात शाळेचा स्वतःचा पियानोवाला सोबतीला असतो. घरचं माणूस तिथं लागत नाही. म्हणजे अप्पांना नातीशेजारी बसायची ही शेवटची खुर्ची होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आठवडाभर त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"का?" अप्पांनी विचारलं. "मी का नको?"

"अप्पा, तुमची करंगळी. इतकी वर्षं ती त्या जागी सी वर जाते. आता बी लावायचा म्हणजे तिला थांबवून अनामिका टेकवायची. एका सकाळीत नाही होत ते. मला विचारा, मी हेच शिकवते."

"तू हेच शिकवतेस म्हणून तर ही वेळ आली."

"अप्पा!"

"गंमत केली गं."

आणि इथे आईने बाजू बदलली. बाबा नंतर म्हणाले, की एवढ्या वेगाने तर ते दाढही काढत नाहीत. "हे बघा ताई," आई म्हणाली, "सूर कुठला वाजवायचा ते कागद बघून ठरवा. पण खुर्ची अप्पांचीच."

"आत्ता तर तू पोरीच्या वर्षाबद्दल गळा काढत होतीस!"

"अजूनही काढीन. पण त्यांना उठवायचं काम माझ्याच्याने होणार नाही, आणि तुमच्याच्यानेही होणार नाही. उगाच आव आणू नका."

"तू काहीतरी बोल ना," आत्या भावावर खेकसली.

"मी दात काढतो," बाबा म्हणाले. "बाजू घेत नाही."

अप्पा उठले. "दुपारपर्यंत वेळ आहे ना? मी बसवतो करंगळीला. नाही जमलं, तर तू बस खाली, मी वाद्यं उचलून आणीन." एवढं सहज म्हणून ते जिना उतरून खाली आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी ते इतकं सहज म्हणायला नको होतं, असं आईला वाटलं, पण तोवर ते खाली पोचले होते.

*

दुकानात पोटं उघडलेली व्हायोलिनं टेबलावर पडली होती, भिंतीला गळे नसलेले दोन चेलो टेकून उभे होते. अप्पांनी आपला चेलो गुडघ्यांत घेतला आणि ती जागा ठोक्यांच्या ज्या घरात, ज्या मापात येते, तिथपासून सुरुवात केली. जी, ए, मग अनामिका, बी. करंगळी टुणकन सी वर जाऊन बसली.

"अगं, तुला कुणी बोलावलं होतं?" ते करंगळीला म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती बोटांतलं शेंडेफळ, हातातला सर्वांत लहान जीव, पण या घरातल्या सगळ्या लहानांसारखीच हट्टी. त्यांनी संथ केलं, आणखी संथ केलं. संथ केलं की करंगळीला आणखी वेळ मिळायचा, एवढाच फरक. बाबा मध्येच डोकावले आणि दातांत घालायच्या दोऱ्याने करंगळी तळहाताला बांधून दिली. मग अप्पांना चेलोच धरता येईना. दोघे जण बराच वेळ हसले.

"राहू दे रे," अप्पा म्हणाले. "तू जा, तुझी माणसं तोंड उघडून बसली असतील."

मुलगा गेल्यावर ते हसायचे थांबले. हातांवरचे डाग, फुगलेली पेरं त्यांनी उगाच उलटसुलट करून पाहिली. पोरगी पुढे जाणार याचा त्यांना आनंद होता, अगदी मनापासून होता. तरी त्यांना वाईट वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, याचा त्यांना जरा रागही आला.

जिन्यावर भिंगरी बसली होती, त्यांना दिसणार नाही अशी. तिने आजोबांची करंगळी चुकताना ऐकली, मग बाबांचं हसणं ऐकलं, आणि मग ती शांतता ऐकली. पुढचं ऐकायला ती थांबली नाही. ती वर आपल्या खोलीत गेली आणि तिने ठरवून टाकलं. शार्प गेला खड्ड्यात. आजोबा सी लावणार, तर आपण साधा एफ लावायचा. निदान दोघं मिळून चुकू. परीक्षकबाईंनी एक गुण कापला तर कापला. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण आईला सांगितलं असतं तर आत्याला कळलं असतं, आत्याला कळलं असतं तर पुन्हा वन्सं झालं असतं.

पण ती जिन्यावरून उठून गेली आणि तिकडे, जेवायची हाक यायच्या जरा आधी, अप्पांची अनामिका बी वर टेकली. करंगळी हवेत तशीच राहिली, रुसल्यासारखी. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा टेकली. अप्पांना इतका आनंद झाला, की त्यांनी टेबलावरच्या एका उघड्या व्हायोलिनला ती बातमी सांगितली. घरच्यांना मात्र सांगितली नाही. बोलून दाखवलं आणि तिथं चुकलं तर? पोरगी छापील शार्प लावणार, आपण छापील बी लावायचा आणि मग बघू ताईचं तोंड.

जेवताना सगळे अती गोड वागत होते. आत्याने अप्पांना विचारलं, "जमलं का?" आणि अप्पा पाणी पिऊन म्हणाले, "बघू." भिंगरीने मान खाली घातली. आत्या त्यावरून समजायचं ते समजली आणि आपलाही चेलो गाडीत ठेवायला सांगितला.

*

परीक्षेच्या खोलीत फरशी नुकतीच पुसलेली होती. आत्या मागच्या बाकावर दोन्ही गुडघ्यांत आपला चेलो पेटीसकट धरून बसली होती, बोलावणं येईल या तयारीने. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. दोघांमध्ये तिला बसवायची कल्पना बाबांची.

परीक्षकबाई बारीक चणीच्या होत्या. त्यांनी भिंगरीचं नाव वाचलं, मागच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा. तुम्ही ते."

आत्याने पेटी घट्ट धरली.

पहिला भाग चांगला गेला. दुसरा त्याहून चांगला. भिंगरीचा गज खाली उतरला तरी आवाज मागे रेंगाळत नव्हता, आणि अप्पा तिच्या खाली पायाखालच्या जमिनीसारखे होते. आत्याला क्षणभर सगळं विसरायला झालं, इतकं ते बरं चाललं होतं. मग तिसरा भाग सुरू झाला. पूर्वार्ध, त्याची पुनरावृत्ती, मग उत्तरार्ध.

ती जागा आली. भिंगरीने मधलं बोट टेकवलं, साधा एफ. अप्पांनी अनामिका टेकवली, छापील बी.

दोघं मिळून जे ओरडले, त्याने आईने डोळेच मिटून घेतले.

भिंगरीने चमकून आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी चमकून भिंगरीकडे पाहिलं. एकमेकांसाठी काय केलं ते दोघांना त्याच क्षणी कळलं, आणि वाजवणं थांबवता येत नसल्यामुळे दोघं पुढे जात राहिले. पण या सोनाट्यात उत्तरार्धालाही पुनरावृत्ती आहे. जागा पुन्हा येणार होती.

भिंगरीने मनात म्हटलं, आजोबांनी माझ्यासाठी बी लावला, आता मी शार्प लावते. अप्पांनी मनात म्हटलं, पोरीने माझ्यासाठी घरचा सूर लावला, आता मी सी लावतो. जागा आली. भिंगरीची अनामिका, अप्पांची करंगळी.

या वेळी ते आणखी वाईट ओरडले.

बाबांच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो त्यांनी खोकल्यात बदलायचा प्रयत्न केला, पण खोकला आणखी मोठा झाला. आत्या पेटीवर कपाळ टेकवून हलत होती. रडतेय की काय, म्हणून आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती.

तो भाग संपताच परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

"हो," भिंगरी म्हणाली.

"मग बोलत नाही का एकमेकांशी?"

"फार बोलतो," अप्पा म्हणाले. "आजच तेवढं राहिलं."

"उत्तरार्ध पुन्हा घ्या. एकदाच. आणि या वेळी कुणीतरी एकाने दुसऱ्याचं ऐका."

मागे आत्या हसायची थांबली. आता तिने हात वर केला असता, तर बाईंनी तिला बसू दिलं असतं. सोबतकार बदलायला नियमात मुभा आहे. आईने तिच्याकडे पाहिलं. आत्याने चेलोची पेटी सावकाश जमिनीवर आडवी ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

अप्पांनी गज उचलला. ते माप जवळ आलं तसं त्यांना समजलं, की आता कुठलंही बोट त्यांचं ऐकणार नाही. अनामिका जाईल की करंगळी, ते स्वतःसुद्धा सांगू शकले नसते. मग त्यांनी त्या मापाच्या तोंडाशी गजच तारेवरून उचलला. खाली काहीच उरलं नाही. भिंगरीला वाटलं, पायरी संपली आणि पाय खाली पडला. पण तिचा गज चालू होता, थांबता येणार नव्हतं. तिने अनामिका टेकवली आणि एफ शार्प एकटाच वाजला.

सूर स्वच्छ होता. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा तो त्या जागी असा सबंध ऐकला. तो लटकत नव्हता, हुरहुर लावत नव्हता. त्याला कुठं जायचंय ते त्याला माहीत होतं आणि तो तिकडे निघाला होता. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना इतक्या वर्षांचं वाईट वाटलं, आणि पोरीचा अभिमानही वाटला. पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्याला त्यांचा गज बरोबर तिच्या खाली येऊन मिळाला.

चौथा भाग संपला तेव्हा परीक्षकबाई बराच वेळ लिहीत होत्या.

"उमेदवार वरच्या वर्गात," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या भागात गोंधळ झाला, पण शेवटी एकटं पडल्यावर डगमगली नाही, ते मी लिहिलंय. सोबतकारांना गुण द्यायची सोय नाही. त्यांचं नशीब."

बाहेरच्या व्हरांड्यात आत्याने भिंगरीला इतकं घट्ट धरलं, की मध्ये चेलो होता हेही ती विसरली. बाबा अप्पांची नक्कल करून आईला दाखवत होते, गज कसा उचलला ते, आणि आई "पुरे हो," म्हणत पुन्हा पुन्हा करायला लावत होती. अप्पा एका बाजूला बाकावर बसले आणि चेलोच्या पेटीचा बकल लावू लागले. तो लागत नव्हता. भिंगरी त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"चला," अप्पा म्हणाले, बकलाकडेच बघत. "झालं माझं काम. आता पुढं तुझा तो पियानोवाला."

"झालं कसं?" भिंगरी म्हणाली. "तुमचा अजून एक सूर चुकतोय."

अप्पांनी वर पाहिलं.

"उद्या शाळेतून आले की बसू," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातून बकल घेऊन लावून टाकला. "आणि येताना ती करंगळी तयार ठेवा. मी आत्यासारखे लाड करणार नाही."